पुढची डावी बाजू

गाडी म्हातारी झाली की माणसासारखीच कुरकुरते, आणि मिस्त्रीला त्याचं वाईट वाटत नसे. त्याचं पोटच त्यावर होतं. पण बहिणीच्या नवऱ्याची गाडी फाटकातून आत आली की त्याच्या कपाळाला आठी पडे. पुढच्या डाव्या चाकावरची स्प्रिंग पुन्हा तुटली होती. कोरी स्प्रिंग बसवावी आणि थोड्याच दिवसांत तिचे तुकडे व्हावेत, हे नेहमीचंच झालं होतं.

स्प्रिंगा जोडीने बदलायच्या हा धंद्यातला साधा नियम. हा गृहस्थ मात्र दर वेळी म्हणे, तुटली तेवढीच बदला. उजवी तिने बसवून घेतलेली आहे, तिला हात लावू नका.

ती म्हणजे त्याची पहिली बायको. गाडी तिच्याच हौसेची. नवऱ्याला गाडी चालवायला लावून ती शेजारच्या सीटवर बसून यायची, डोक्यावर उभी राहून काम करून घ्यायची. ‘चालढकल नको, मिस्त्री,’ म्हणायची. जिभेला धार होती. ती वारल्यावर तो एकटा येऊ लागला, आणि मिस्त्रीनेच आपल्या धाकट्या बहिणीचं स्थळ सुचवलं. लग्न झालं, पण ती पुढची सीट काही बहिणीला मिळाली नाही. नवरा तिला मागेच बसवी. डाव्या कोपऱ्यात, सीटचा पट्टा छातीशी मुठीत आवळून ती बसलेली असे.

आजही तशीच आली होती. नवरा फोनवर कुणावर तरी खेकसत फाटकाबाहेर गेला. मिस्त्रीने नवी स्प्रिंग बसवली, जॅक उतरवला आणि गाडी किती खाली बसते ते बघायला नेहमीप्रमाणे चाकाच्या वर, मडगार्डखालच्या फटीत हात घातला. उजवीकडे आख्खा तळवा आत गेला. डावीकडे बोटं जेमतेम शिरली. गाडीत कुणी नव्हतं; बहीणही उतरून बाजूला उभी होती. त्याने मडगार्डला धरून गाडी हलवून पाहिली, तर आत कुणी धडधाकट माणूस बसलेला असावा तशी ती जड लागली.

“दादा, ती सीट गरम असते,” बहीण हळूच म्हणाली.

“उन्हाने तापत असेल.”

“गाडी सावलीत असली तरी.”

मिस्त्रीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. राग मात्र होता, त्या माणसाचा. खडखड कुठून येते ते शोधायचं तर एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने त्या चाकाजवळच्या सीटवर बसून ऐकायचं, ही त्याची जुनी पद्धत. तो बहिणीला म्हणाला, बस पुढे. ती नको म्हणाली. तो ओरडला, तशी बसली.

गाडी वर आली.

वजन वाढलं होतं, तरी डावी बाजू सावकाश, आवाज न करता वर आली. मिस्त्रीने हात घातला. आख्खा तळवा गेला. त्याला इतकं हायसं वाटलं की तो मोठ्याने हसला. बहीण हसली नाही.

ती सीट मागेपुढे सरकवायचा दांडा मोडल्यावर त्याने पहिल्या बायकोला खालून तारेची एक कडी लावून दिली होती. ती कडी कुणाला दिसत नसे. बहिणीने खाली न बघता ती ओढली आणि सीट मागे घेतली.

मिस्त्रीचं हसू जिरलं.

नवरा परत आला. बायकोला पुढे बसलेली पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.  तरीही तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

“उतर,” मिस्त्री बहिणीला म्हणाला. “मागे बस.”

तिने काच खाली केली.

“जोडीने बदलायला हव्या होत्या, मिस्त्री.”

बहिणीने जन्मात त्याला दादाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

गाडी निघाली. पुढून अगदी सरळ होती. मागची डावी बाजू तेवढी खाली बसली होती. मिस्त्री फाटकापर्यंत धावला. मागच्या काचेतून त्याला डाव्या कोपऱ्यातली रिकामी सीट दिसली, आणि छातीच्या उंचीवर ताणून धरलेला बहिणीचा पट्टा.