दोन घरची लुगडी

कालव्याच्या काठी बाभळीवर एक जांभळं लुगडं वाळत होतं. पौषातलं कोवळं ऊन त्यातून झिरपून खाली सांडत होतं. मी गुडघ्यावर बसले, श्वास धरला... आणि नेमकी त्या उन्हात एक सावली उगवली. लुगड्याच्या पलीकडं कुणीतरी बसलं होतं, माझ्यासारखाच डोळ्याला कॅमेरा लावून.

"अहो, तुम्ही माझ्या फोटोत आलाय!"

"आणि तुम्ही माझ्या. मी केली का तक्रार?"

वाऱ्यानं पदर उचलला आणि तो दिसला. सावळा, हसरा, केसात बाभळीचा पाला.

"पंकज. शेवगावचा."

"ज्ञानेश्वरी. इथलीच, राहुरीची."

"बापरे... एवढ्या मोठ्या नावाला हाक मारेपर्यंत ऊन जायचं की!"

नगरला तरुण फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरणार होतं, जिल्ह्यातल्या लुगड्या-पांघरुणांचं. दोघंही त्याच कामानं भटकत होतो. मग एकाच गाडीवर भटकू लागलो. कर्जतकडं एका मेंढपाळानं आपलं घोंगडं पंकजच्या खांद्यावर टाकलं, तर गडी दिवसभर ते काढेचना.

"टोचत नाही का रे?"

"टोचतंय ना. पण तू सारखी बघतेयस..."

मी मान फिरवली. उसाला तुरे आले होते आणि सगळं शिवार रुपेरी धुक्यासारखं हलत होतं. माझ्या आतही काहीतरी तसंच हलत होतं. त्याच्या मनात काय आहे ते मात्र कळत नव्हतं. तो हसायचा, चिडवायचा आणि ऐन वेळी कॅमेरा डोळ्याला लावायचा.

गोधडीची कल्पना त्याचीच. दोघांच्या घरची जुनी लुगडी एकत्र शिवायची आणि प्रदर्शनात मधोमध टांगायची. मी आजीचं हिरवं इरकली लुगडं आणलं. त्यानं त्याच्या आजीचं पांढरं आणलं, निळ्या काठाचं. चौदा एप्रिलला ती तेच नेसायची. झोपलेलं लेकरू आणावं तसं त्यानं ते दोन्ही हातांवर आणलं होतं.

वस्तीवर गोधड्या शिवणाऱ्या भीमाबाईंनी दोन्ही लुगडी ओसरीवर अंथरली, त्यावरून हात फिरवला.

"हे हिरवं कुणाचं, पोरी?"

"माझ्या आजीचं."

"आन् हे पांढरं?"

"माझ्या आजीचं, मावशी," पंकज म्हणाला.

"लई ग्वाड! मग सुपारी कधी फुटली?"

पंकजला ठसकाच लागला. "न्हाई मावशी... म्हंजे... हे प्रदर्शनासाठी हाय. फोटो काढायचेत."

भीमाबाईंनी सुई परत डबीत ठेवली. "मग न्हाई जमायचं बाबा. दोन घरची लुगडी एका गोधडीत घालायची ती सोयरीक जुळल्यावर. तिच्यात लेकरं निजत्यात. फोटोपायी मी सुई लावत न्हाई. एकाच घरची आना, आत्ता बसते शिवायला."

पंकज खाली वाकला. पांढऱ्या लुगड्याची घडी घालू लागला. सावकाश... फार सावकाश.

"तुझ्याच घरची आण," तो हळू म्हणाला. "सोपं पडेल. तुझ्या घरी हे असलं कळलं, तर..."

"घरचं मी बघीन. तुला काय हवंय?"

"मला?" घडीवर त्याची बोटं थांबली. "मला जे हवंय ना, ते मी कॅमेऱ्यामागंच ठेवत आलो."

"मग ये की पुढं."

भीमाबाई उगाच डबीत काहीतरी शोधत होत्या. पंकजनं मान वर केली. मधे काच नव्हती, काही नव्हतं. नुसते त्याचे डोळे, ओले आणि घाबरलेले.

"ज्ञानेश्वरी... मला तू हवीस. पण मी शेवगावचा, आमचं घर..."

"तुझं घर मला माहितीय. त्या घरचं लुगडं उचलू नकोस."

मी घडी त्याच्या हातातून घेतली आणि हिरव्याशेजारी पुन्हा पसरली.

"मावशी, सुपारी फुटली न्हाई अजून. पण घरी आज सांगणार हाय मी."

भीमाबाईंनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. "बाप ऐकंल?"

"लगेच न्हाई ऐकायचा."

"मंग?"

"गोधडी तरी कुठं एका दिवसात शिवून होती, मावशी?"

त्या खुदकन हसल्या. डबी उघडली, दोरा ओठात ओला केला आणि पहिल्या टाक्याबरोबर सूर लावला—

*दोन गावाची लुगडी, सई जोडिते टाक्यानं*
*कालची न्हाई वळख, आज बोलती डोळ्यानं...*

"आता बघत काय बसलाव? धरा की कोपरे ताणून!"

एक कोपरा मी धरला, एक त्यानं. सुई हिरव्यातून पांढऱ्यात शिरली.

"अगं, फोटो राहिला," पंकज कुजबुजला.

"काढ की मग."

"कोपरा सोडावा लागेल..."

त्यानं कोपरा सोडला नाही.