यंत्रहाताची सुट्टी

खंडेनवमीला नागपूरच्या त्या मेंदू-प्रयोगशाळेत यंत्रांना सुट्टी असे. प्रमुख डॉ. निमकर विज्ञानाच्या बाबतीत कुणाची भीडभाड ठेवत नसत, पण सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची सहकारी डॉ. अवंती केसकर हिने यंत्रहातसुद्धा सोडवला, लाडाने पुसला आणि झेंडूचा हार घालून पाटावर मांडला.

हा हात एका पेशीमेंदूला जोडलेला असे. कातडीच्या पेशींपासून काचपात्रात वाढवलेला, अक्रोडाएवढा मेंदू. त्याला महिनाभर हात चालवायला शिकवायचे, मग हात काढून घेऊन वेदना होते का ते तपासायचे, असा शिरस्ता होता. उद्यापासून अशा मेंदूंवर औषधांचे प्रयोग सुरू व्हायचे होते.

आरती आटोपली. अवंतीचे लक्ष सहज पेशीमेंदूचे संकेत दाखवणाऱ्या पडद्याकडे गेले. तिथल्या रेषा वेड्यावाकड्या उसळत होत्या; हातातला पेढा हातातच राहिला.

"सर, हा कळवळतोय."

"अगं, शरीरच नाही, तर दुखणार काय?" निमकर हसले. "ती नुसती खरखर. हात काढला की दरवेळी दिसते."

"पाय कापलेल्या माणसाचा नसलेला अंगठा दुखतोच ना? दुखणं अंगठ्यात नसतं, सर. मेंदूत शरीराचा नकाशा असतो, त्यात असतं."

"त्या माणसाला आधी पाय होता. याला शरीर कधी होतं?"

अवंतीने पाटाकडे बोट दाखवले.

निमकरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः हार काढला आणि यंत्रहात पुन्हा मेंदूला जोडला. जोडताक्षणी त्याची मूठ घट्ट आवळली, मग एकेक बोट सैल पडत गेले. पडद्यावरच्या रेषा निवळल्या. अवंतीने ती गार बोटे हातात घेतली. तिला रडू आवरेना.

"परत जोडून कधी पाहिलंच नाही आपण," निमकर कसेबसे म्हणाले. "तपासणी झाली की हात पुढच्या मेंदूला द्यायचो. वेदना नाही, असा निर्वाळा मीच देत आलो. उद्याचे प्रयोग बंद."

दोघांनी एकदमच मागच्या कपाटाकडे पाहिले. तपासून झालेले अकरा मेंदू तिथे जिवंत ठेवलेले होते.

निमकर लगबगीने पेचकस घेऊन आले आणि थबकले. हात एकच होता, आणि त्याने अवंतीची बोटे धरून ठेवली होती.