तीन नंबरची लाईन

पहिल्याच दिवशी मी हर्षलची लाईन पाडली, आणि त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा पाहिलं ते रागानं.

सौंसरच्या बसस्टँडजवळ, कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस. मोठ्या दुकानदारांच्या जाहिराती आणि किमती लोकांच्या मोबाईलवर कशा दिसतात ते आम्ही तपासायचो. सगळे एकाच वायफायवरून गेलो तर समोरची साइट दार लावून घेते. म्हणून लाकडी मांडणीत फोन उभे करून ठेवलेले, प्रत्येकात वेगळं सिम. आपला कॉम्प्युटर त्यातल्या एका फोनमधून इंटरनेटवर जायचा. त्या एकेका फोनला आम्ही लाईन म्हणायचो. एका लाईनीवर एकच माणूस, हा नियम. बसताना ग्रुपवर ‘घेतली’ लिहायचं, उठताना ‘सोडली’. मी नवी होते… काहीच न लिहिता तीन नंबरवर बसले, आणि वर त्या फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलायचं बटणही दाबलं.

“तीन नंबर कोणी पाडली?” कोपऱ्यातून आवाज आला. ती सगळी मांडणी ज्यानं उभी केली, तो हर्षल.

“मी… मले वाटलं रिकामी आहे.”

“मॅडम, बसमध्ये रुमाल टाकलेल्या सीटवर बसता का तुम्ही?”

“रुमाल दिसला तं नाही बसत.”

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, हे मला तेव्हाच दिसलं. दिसायला नको होतं.

मग रोज सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज त्याचाच यायला लागला — ‘तीन घेतली.’ मी जिना चढून आले की लगेच, ‘तीन सोडली.’ सगळ्यात पक्की लाईन तीच होती.

“हर्षल, तीन नंबरवर रोज तुझं काय काम असते रे?” आमच्या मालकीण प्रतिभाताईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

“टेस्टिंग, ताई.”

“कोणाची?”

मी स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं.

हर्षल पांढुर्ण्याचा. रोज बसनं जाऊन-येऊन करायचा. वडील नव्हते; घरी आई एकटी, केसरबाई. गोळी कोणती घ्यायची, सिलिंडर घेऊ की परत पाठवू, सगळं त्या पोराला फोन करून विचारायच्या. आणि हा पहिल्याच रिंगला उचलायचा, मग समोर कोणीही असो. हळूहळू त्याच्या डब्यात माझाही वाटा यायला लागला. डाळीचे गोळे घातलेला गोळाभात, वर चिंचेचं सार, कधी तळलेल्या मिरच्या.

“आईले काय सांगितलं तू?” मी विचारलं.

“सांगितलं, एक पोट्टी आहे. उपाशी राहते.”

“मी कधी राहिली उपाशी?”

“मग काय सांगू? खरं सांगू?” तो म्हणाला आणि गॅलरीत निघून गेला. मी घास हातात धरून बसले.

एकदा त्यानं फोन माझ्या हातात दिला. “तेजू काय?” पलीकडून आवाज आला. “माह्या पोट्ट्याले घरी वेळेवर पाठवत जाय वं.” तेवढंच बोलणं. मला दिवसभर पुरलं.

थंडी पडली होती. बाहेर संत्र्याच्या गाड्या भरत होत्या आणि वर आमच्याकडं ऑनलाईन सेलचा दिवस होता. एकही लाईन रिकामी नाही. भर दुपारी तीन नंबरचं सिम बंद पडलं. माझं काम अर्ध्यावर होतं. लाईन लगेच परत जुळली नसती तर सकाळपासूनचं सगळं पुन्हा करावं लागलं असतं. मी रडकुंडीला आले.

हर्षलनं खिशातला स्वतःचा फोन काढला, त्यातलं सिम काढलं आणि तीन नंबरमध्ये घातलं.

“अन् तुले फोन आला तं?”

“अर्ध्या घंट्यात काढतो. तुह्यी लाईन नाही तुटू देत मी.”

मांडणीतल्या सगळ्या फोनांवर येणारे कॉल त्यानंच बंद करून ठेवले होते. कॉल आला की इंटरनेट तुटायचं, आणि कुणाचं तरी काम जायचं. आमच्या ऑफिसात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अर्धा तास झाला, तास झाला, दोन-तीन तास झाले. काम आपोआप चाललं होतं. त्यानं दोन चहा आणले आणि खुर्ची जवळ ओढली.

“एक विचारू?”

“विचार ना.”

“सौंसरच्या पोरी… पांढुर्ण्याले राहायले येतात का? म्हणजे, लग्न करून.”

“बस चालू असल्या तं येतात.”

“अन् सासूनं रोज गोळाभात केला तं?”

“तं लठ्ठ होतात… पण येतात.”

तो हसायला लागला. डोळे पुसून पुसून हसला. मीही हसले. आमचं ठरलं होतं — इतक्या सोप्या शब्दांत ठरलं होतं की दोघांनाही खरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात उत्तमकाका जिना चढून आले. हर्षलचे शेजारी. मोटरसायकलवर पांढुर्ण्याहून आले होते.

“बाबू, तुहा फोन कावून लागून नाही राहिला?”

केसरबाईंच्या छातीत दुपारीच दुखायला लागलं होतं. त्या पोराला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या. दुसऱ्या कोणाला लावला नाही. शेजारणीनं दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाल्या, “हर्षलले विचारते, मंग जाते.” गाडीत घातलं तेव्हा उशीर झाला होता.

हर्षल मांडणीकडं गेला. तीन नंबरमधलं सिम काढून आपल्या फोनमध्ये घालत राहिला. ते बसेना. शेवटी काकांनी त्याला दंडाला धरून खाली नेलं.

तेरवी झाल्यावर मी पांढुर्ण्याला गेले. ज्या बाईच्या हातचं इतकं खाल्लं, तिचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते हार घातलेल्या फोटोत. हर्षल ओट्यावर बसला होता. डोकं भादरलेलं.

“तुह्यी काही चूक नाही, तेजू,” तोच आधी म्हणाला.

“तुह्यीही नाही.”

“असंन. पण तू दिसली की मले तो दिवस दिसते. आई फोन लावून राहिली होती… अन् मी तुह्याजवळ हसून राहिलो होतो. तेवढा खूश मी जन्मात कधी नव्हतो. त्याचं काय करू?”

मी त्याच्याशेजारी ओट्यावर बसले.

“मी थांबते,” मी म्हटलं. “वर्ष लागू दे, दोन लागू दे. माह्यं प्रेम आहे तुह्यावर.”

“मले मालूम आहे. माह्यंही आहे.” तो माझ्याकडं बघत नव्हता. “पण या घरात तुले आणून मले हसता येणार नाही. अन् न हसता तुले ठेवू कसा? मी इंदूरले चाललो, तिथंच राहीन. थांबू नको.”

तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. खिडकीची जागा धरून दिली, तिकिटाचे पैसे कंडक्टरला देऊन खाली उतरला आणि तिथंच उभा राहिला. बस निघाली तेव्हा मी त्याला हात केला नाही. केला असता, तर उतरले असते.