कळसाडीतली खोकल्याची बाटली

हबीबच्या मेडिकलच्या काचा सकाळीच फुटल्या. त्याच्याकडचं खोकल्याचं औषध पिऊन कळसाडीची चार वर्षांची काजल निपचित पडली, अशी बोंब मारत तिच्या बापानंच दगड घातले होते. हबीब धावत मेहरुन्निसाआपांकडे आला. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं औषधं वाटलेल्या आपा आता खासगी तपास करत. सोबतीला निवृत्त हवालदार रायसिंग.

शहाद्याच्या इस्पितळात काजलचा बाप नवनीत चहात पाचवा चमचा साखर ढवळत हबीबला शिव्या देत होता. औषधाची बाटली त्यानं मांडीत दाबून धरली होती. पुरावा म्हणे. डॉक्टरांनाही त्यानं नुसतं लेबल दाखवलं होतं. रायसिंगला त्याची कीव आली.

डॉक्टर चक्रावले होते. पोरीचा श्वास मंदावलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लेबलवरच्या औषधानं असं होत नसे.

आजोबा रतिलाल मुलाची तारीफ करत होते. नवनीतचं व्यसन सुटलं होतं, तोंडाला दारूचा वास नव्हता. तरी ते रोज त्याचे खिसे नि पेटी तपासत.

आई रिनानं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा पाजला होता. शेवटचा काल दिवेलागणीला, लाईट गेलेली असताना.

"मन्ही पोर उठी ना?" पोर शुद्धीवर येईल ना, एवढंच ती विचारत होती.

आपांनी हात पुढे केला. नवनीत बाटली देईना. रायसिंगनं ती काढून घेतली. तपकिरी बाटली जवळजवळ मानेपर्यंत भरलेली होती.

"दुकानदारानं भरपूर दिलं की," रायसिंग म्हणाला.

"रायसिंगभाऊ, तीस वर्षं पोलिसात काय केलंत?"

आपांनी बशीत थेंब ओतले. गडद तपकिरी. हबीबनं आणलेल्या तशाच बाटलीतलं औषध गुलाबी निघालं.

"सहा चमचे कमी झालेली बाटली मानेपर्यंत भरलेली कशी? घरात कुणीतरी वरून ओतलं. हबीब कळसाडीला गेलेला नाही. रिनानं ओतलं असतं तर दुसऱ्या कुणी बाटली कशाला लपवली असती? लपवली कुणी, ते आपण पाहिलंच. दारूचा वास नाही, कारण हा आता अफूच्या जातीचं, नशेचं खोकल्याचं औषध पितो; पोरीच्या बाहुल्या त्यानंच आकसल्या. हे पिणारे नशा वाढवायला चहात अशी साखर घालतात. बाप पेटी तपासतो, म्हणून ह्यानं आपला साठा लेकीच्या बाटलीत दडवला. कबूल?"

नवनीतनं मान खाली घातली. "मी बाहेर गेलो. तेवढ्यात हिनं पाजलं."

"ते चुकून झालं. पण रात्रभर डॉक्टर विचारत होते, पोर काय प्यायली. तू गप्प बसलास, आणि उजाडताच काचा फोडायला गेलास. असल्या माणसासाठी माझ्याकडे शब्द नाही."

आपा बाटली घेऊन आत डॉक्टरांकडे गेल्या. अफूच्या जातीच्या औषधावर उताऱ्याचं इंजेक्शन असतं. ते दिल्यावर काही वेळानं काजल रडली. रायसिंगनं डोळे पुसले.

"आता बरी आहे ना?" नवनीत घसा साफ करत म्हणाला. "मग पोलिसांची काय गरज?"

रिना दारात उभी होती.

"गरज शे," ती म्हणाली.