गरीब जंतू

मिरजेच्या त्या इस्पितळात शिरताना आता दारातच गालातून काडी फिरवून द्यावी लागे. भिंतीतलं यंत्र क्षणात जंतूंची कुळी वाचे आणि गेली कित्येक वर्षं सगळ्यांना एकच उत्तर देई: माजलेले. म्हणजे कुठल्याही औषधाला न जुमानणारे.

ऐंशी ओलांडलेल्या केतकी मगदूम यांची उमेदीची वर्षं इथल्याच प्रयोगशाळेत गेली. त्यांच्या काळी जंतू काचेच्या ताटलीत वाढवत, वर औषधाच्या टिकल्या ठेवत आणि सकाळची वाट बघत. टिकलीभोवती कोरं वर्तुळ उमटलं, की तिथले जंतू मेले. अशा जंतूला प्रयोगशाळेत ‘गरीब’ म्हणत. काय गोड सकाळी होत्या त्या. ताटली उजेडात धरायची, वर्तुळावर पट्टी ठेवायची आणि वॉर्डात फोन करायचा, ‘गरीब आहे हो, साधी गोळी चालेल.’ आता यंत्राला सगळं कळे, पण फोन करून सांगावं असं काही उरलं नव्हतं.

त्यांचा विद्यार्थी डॉक्टर रेहान नदाफ आता प्रयोगशाळेचा प्रमुख होता. एके दिवशी त्याने त्यांना बोलावून घेतलं.

“मॅडम, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. जंतू शेजाऱ्याकडूनच माज शिकले. आता तोंडापासून आतड्यापर्यंत पुन्हा गरीब बियाणं पेरायचं, म्हणजे माजलेल्यांना जागाच उरणार नाही. आम्ही याला दुबार पेरणी म्हणतो. पण बियाणंच नाही. तुमच्या जुन्या फ्रीजरमधली एकच कुपी जिवंत निघालीय.”

कुठली, हे केतकीबाईंना विचारावं लागलं नाही. त्यांचे यजमान सुधन्वा ज्या तापात गेले, त्याचा तो जंतू, त्यांनीच जपून ठेवलेला. तेव्हा माजलेल्या जंतूंची धास्ती एवढी, की अहवालाआधीच डॉक्टरांनी सर्वांत जहाल औषध सुरू केलं. मूत्रपिंडं आधीच थकलेली, ती त्या औषधाने बसली. आणि मागाहून बघितलं, तर ताटलीवर सगळ्यात साध्या औषधाच्या टिकलीभोवती हे एवढं मोठं वर्तुळ. ‘ताटलीत घडतं ते माणसात घडतंच असं नाही,’ असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. त्या एका वाक्याच्या आधारावर बाईंनी उरलेला जन्म काढला.

“घे कुपी,” त्या म्हणाल्या. “पण पहिली पेरणी माझ्यात. तो आमच्या घरातला आहे.”

रेहानने परोपरीने समजावलं. बाई हटल्या नाहीत.

पेरणी रुजली. दारातलं यंत्र ‘गरीब’ म्हणालं, तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. पण पुढे थंडीत बाईंना कडकडून ताप भरला आणि रक्तात तोच जंतू निघाला. रेहानचं धाबं दणाणलं. बाई मात्र साध्या गोळीवरच अडून बसल्या. ती चालली नाही तर पेरणीला अर्थच काय, असं त्यांचं म्हणणं.

दोन दिवसांत ताप उतरला. बाईंनी मऊ भात मागून खाल्ला. रेहानचा आनंद गगनात मावेना.

“मॅडम, माणसातही वर्तुळ उमटलं. आता सगळ्या गावात पेरू.”

बाईंनाही गावासाठी बरं वाटलं, अगदी मनापासून. त्यांनी मान हलवली. मग भाताचं ताट बाजूला सारलं.

“म्हणजे ते वाचले असते रे, रेहान.”