आईच्या गाण्यांची साइट

ही घटना खरी आहे. कुणाचंही नाव बदललेलं नाही, कारण युनिसनेच सांगितलं, "माझं नाव खुशाल टाका. मी कुणाला घाबरते की काय?"

रात्र नव्हती. भर दुपार होती.

फेब्रुवारी २०१०. रविवार, साडेतीन वाजलेले. कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये सकाळपासून बर्फ पडत होता आणि युनिस बेसमेंटमध्ये नवऱ्याच्या कॉम्प्युटरसमोर उभी होती.

उभी. बसलेली नाही.

कॉस्मसच्या त्या फिरत्या खुर्चीवर ती कधीच बसली नव्हती. "तुला नाही कळायचं त्यातलं," असं म्हणून तो तिला बसूच द्यायचा नाही. नोव्हेंबरमध्ये तो गेला. त्याच खुर्चीत.

फोनवर तिची भाची होती, शर्लिन. विंडसरला एका गाड्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारी.

"आत्या, नीट ऐक. आजीची गाणी जिच्या साइटवर आहेत, ती कंपनी आज सहा वाजता सगळ्या फुकट साइट्स बंद करतेय. आजीची गाणी गेली की कायमची गेली."

युनिसची आई वसईची. हळदीपासून वरातीपर्यंतची सगळी गाणी तिला तोंडपाठ. ती जाण्याआधी शर्लिनच्या पप्पांनी, म्हणजे युनिसच्या भावाने, फ्रेडीने, तिची बावीस गाणी रेकॉर्ड करून एका साइटवर टाकली होती. मग फ्रेडीचा कॉम्प्युटर पुरात गेला. आता आईचा आवाज जगात त्या एकाच ठिकाणी उरला होता.

वसईत रात्रीचे दोन वाजलेले. फ्रेडी फोन उचलेना. विंडसरमध्ये फ्रीझिंग रेनने, पडता पडता गोठणाऱ्या पावसाने, सकाळपासून वीज घालवलेली, त्यामुळे शर्लिनचाही कॉम्प्युटर बंद.

उरली एकटी युनिस. आणि घरातल्या या कॉम्प्युटरवर ती साइट आजवर उघडलीच नव्हती. दर वेळी तेच पांढरं पान... पेज कॅनॉट बी डिस्प्लेड.

"कॉस्मस म्हणायचे, बंद पडलीये ती साइट."

"बंद? आत्या, गेल्याच आठवड्यात मी ऑफिसात आजीचं गाणं ऐकलं!"



शर्लिनने एकेक उपाय सांगितला. कॅश क्लीअर कर. कुकीज डिलीट कर. दुसरा ब्राउझर उघड. युनिसने सगळं केलं.

पांढरं पान.

"आता एक शेवटचं. विंडोजमध्ये होस्ट्स नावाची फाइल असते. त्यात एखाद्या साइटचं नाव घातलं, की त्या कॉम्प्युटरवर ती उघडतच नाही. बघ तरी."

युनिसने फाइल उघडली. सगळ्यात खाली एकच ओळ होती.

आईच्या साइटचं नाव.

फाइल बदलल्याची तारीख... मार्च २००६.

"म्हणजे..." शर्लिन अडखळली.

"म्हणजे त्यांनीच बंद केली होती," युनिस म्हणाली. "चार वर्षं मी आईच्या आवाजासाठी झुरले, आणि हा माणूस शेजारी बसून जेवत होता."

तिने ओळ पुसली. सेव्ह केलं. पान रिफ्रेश केलं.

साइट उघडली! आईचा फोटो, खाली बावीस गाणी. युनिसचा हात तोंडावर गेला.

आणि...

पांढरं पान.

"शर्ली, परत गेलं गं!"

"फाइल बघ."

ओळ परत आली होती.

"बदलल्याची वेळ काय दिसतेय?"

युनिसने वाचली. आजची तारीख. तीन बावन्न.

भिंतीवरच्या घड्याळातही तीन बावन्नच वाजले होते.

"आत्या... तुझ्याशिवाय कोण आहे तिथे?"

घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला. बेसमेंटमध्ये एकदम शांतता झाली. इतकी, की बर्फ खिडकीला घासलेला ऐकू यावा.

आणि मग... कर्रर्र.

खुर्ची. तिच्यापासून हातभर अंतरावर. हळूच, अर्धी वळली. कुणीतरी बसल्या जागी मागे वळून बघावं, तशी.

"आत्या, वर जा! राहू दे ती गाणी!"

"नाही."

"आत्या, प्लीज, माझी बॅटरी..."

फोन बंद झाला.

जिना चार पावलांवर होता. पण पडद्यावर ती ओळ होती, आणि त्या ओळीमागे तिची आई.

ती खुर्चीकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याला एकेरी हाक मारली.

"कॉस्मस, ऊठ."

काहीच हललं नाही.

"ऊठ म्हणते ना! घर तुझं, गाडी तुझी, कॉम्प्युटर तुझा. सगळं तुझ्या मर्जीने झालं. आई माझी आहे. ऊठ तिथून!"

आणि ती बसली.

सीट गरम होती.

ती उठली नाही. ओळ पुसली. परत आली. परत पुसली. परत आली. मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता. ती मोठ्याने आईचं हळदीचं गाणं म्हणत राहिली आणि पुसत राहिली. साइट उघडून मिटायच्या आत जेमतेम एक गाणं कॉम्प्युटरवर उतरायचं. मग पुन्हा पुसायचं.

पाच छप्पनला बाविसावं गाणं उतरलं.

त्या क्षणी फर्नेस धडधडत सुरू झाला. युनिस जिना चढून किचनमध्ये आली, सगळे दिवे लावले आणि जमिनीवर बसून रडली.

आता ती टोरांटोजवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा बायकांना ती गाणी शिकवते. आधी आईचा आवाज लावते, मग सगळ्या तिच्या मागून म्हणतात.

पण एक गोष्ट राहिलीच.

कधीकधी, गाण्याच्या मधेच, आईच्या आवाजाखाली... एक पुरुषी आवाज येतो.

"बस्स कर."

फ्रेडी शपथेवर सांगतो, रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत तो आणि आई, दोघंच होते. आणि तो आवाज त्याचा नाही. शर्लिनने फाइलमधून तेवढा भाग कापून काढला. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्याच गाण्यात आला.

हॉलमधल्या बायका ऐकतात. टाळ्या थांबतात.

युनिस एकदा दाराकडे बघते. चेहरा पांढरा पडलेला असतो.

मग ती आवाज वाढवते, आणि आईपेक्षाही वरच्या पट्टीत पुढची ओळ उचलते.