चौथा परिच्छेद

"हे दारातून आत टाकलं होतं," लेऑन डुबित्स्कीने कागद टेबलावर ठेवला. शिकागोत तीस वर्षं त्याने बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या.

‘पत्र मागे घे. चौथ्या परिच्छेदात ज्यांचं नाव घेतलंस, त्यांच्या पोटावर पाय देऊ नकोस. तळघराच्या पायऱ्या उंच आहेत.’

"आणि काल त्या पायऱ्यांवरचा दिवा कोणीतरी काढून नेला."

"कसलं पत्र?" गुप्तहेर इडा रोर्कने विचारलं.

"बाजार कोसळायला लागला की सौद्यांची हमी घेणारं क्लिअरिंग हाऊस मोठ्या दलालांकडून जादा मार्जिन मागतं, तारण म्हणून. आता नेमक्या त्याच वेळी त्यांना सूट द्यायचा नियम येतोय. ते बुडाले तर खड्डा आमच्यासारख्यांच्या पैशांनी भरणार. माझी निवृत्तीची सगळी पुंजी शेअर्समध्ये आहे, बाई. म्हणून सरकारला हरकत लिहिली."

इडाचा मदतनीस मॉट याने सरकारी संकेतस्थळावरचं पत्र उघडलं. तीनच परिच्छेद होते. "वरचा नमस्कार धरून चार म्हणत असतील," तो म्हणाला.

दिवा काढायला घरात शिरावं लागणार, आणि घराची किल्ली बाहेरच्या दोघांकडे होती. शेजारी हॉलिस म्हणाला, "वाचलं की मी. छापून फ्रीजवर लावलंय. म्हातारा नडला बरं का."

लेऑनचा मुलगा काझिक एका दलाली कंपनीत होता. डोळे तारवटलेले. "तीन परिच्छेद रडगाणं," तो म्हणाला. "बाबांना काय कळतंय?"

लेऑनची बायको वांडा खसखशीचा केक कापत होती. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हा आधी हाताने लिहितो, मग टाइप करतो. मी आपली रद्दी बाहेर नेते."

मॉटने काझिकवर पैज लावली होती. सगळे स्वयंपाकघरात जमल्यावर इडाने लेऑनलाच विचारलं, "चौथा परिच्छेद तुम्ही लिहिला होतात ना?"

लेऑन खाली बघू लागला. "कच्च्या खर्ड्यात. पूर्वी सूट मिळालेल्या कंपनीचं नाव होतं. काझिकची कंपनी. पोराला त्रास नको म्हणून गाळलं."

"हॉलिस आणि काझिकने संकेतस्थळावरचं पत्र वाचलं. त्यात चौथा परिच्छेद नाहीच. धमकी देणाऱ्याने खर्डा वाचला, आणि तोच सरकारकडे गेला असं समजला. खर्डा रद्दीत गेला. रद्दी कोण नेतं?"

वांडाच्या हातातली सुरी थांबली.

"दिवा मी काढला," ती म्हणाली. "तू घाबरशील, गप्प बसशील, एवढंच हवं होतं. काझिक माझ्यापाशी रडला रे. पुरं मार्जिन मागितलं तर त्यांची कंपनी सोमवारी बुडते. मग हिशेब तपासतील, पोरगं तुरुंगात जाईल."

"आणि नाही मागितलं तर? किती घरं बुडतील, वांडा?" लेऑनने विचारलं.

"त्यांना मी ओळखत नाही."

लेऑनने पत्र मागे घेतलं नाही. पण सोमवारी सकाळी काझिकचा फोन आला, वाजत राहिला, आणि तो उचलायची लेऑनची छाती झाली नाही.